तिरळ्या डोळ्याची साक्ष

मूल तिरळे पाहू लागले की त्याचे कारण शोधण्यासाठी आपल्याकडे कोणाला घराबाहेर जावे लागत नाही. कारणे घरातच तयार असतात. पाळण्यावर टांगलेल्या खेळण्याकडे ते सारखे पाहत होते, कोणाची तरी दृष्ट लागली, आजोळच्या कोणाचे वळण घेतले, तापात डोळ्यांवर गरमी उतरली. आणि यांतले काहीच पटले नाही तर तिरळा डोळा भाग्याचा असतो अशी समजूत घालून प्रश्न मिटवला जातो. मुलगा असला तर शाळेतील सोबती त्याला 'चकणा' हे नाव देतात आणि तो ते निमूटपणे वागवतो. मुलगी असली तर घरात तिच्या विवाहाची चिंता आधी शिरते आणि डोळ्याची मागाहून. कित्येकदा ती शिरतच नाही. या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान आहे. डोळा वाकडा दिसतो, म्हणून दोष डोळ्याचा, असे आपण धरून चालतो.

आम्हाला आज बोलावयाचे आहे ते याच समजुतीविषयी. मुलांच्या नेत्रस्नायूंचा पक्षाघात ओळखावा कसा आणि त्यावर इलाज काय करावा, या प्रश्नाला तेराशे वर्षांहून जुना इतिहास आहे. त्यातील बराचसा काळ माणसाने साक्षीदारालाच गुन्हेगार समजून शिक्षा केली. वाकडा डोळा बहुधा स्वतः काही करीत नाही. तो दुसरीकडे घडलेल्या गोष्टीची साक्ष देत असतो. ती साक्ष ऐकायला वैद्यक कसे शिकले, आणि ऐकली नाही तर काय घडते, एवढेच या व्याख्यानाचे सूत्र आहे.

प्रथम रचना थोडक्यात पाहू. प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू धरून असतात. चार सरळ, दोन तिरकस. या सहांना हुकूम पोचवणारे मज्जातंतू मात्र तीनच, आणि ते थेट मेंदूच्या बुडख्यापासून निघतात. मेंदूपासून निघणाऱ्या मज्जातंतूंना जे क्रमांक आहेत, त्यांतील तिसरा, चौथा आणि सहावा हे ते तीन होत. तिसरा चार स्नायू हलवतो, वरची पापणी उचलतो आणि बाहुली लहान करतो. चौथ्याकडे एकच तिरकस स्नायू आहे. सहाव्याकडे डोळा कानाच्या बाजूस वळवणारा एकच स्नायू आहे. यांपैकी कोणताही दुखावला, दबला किंवा त्याचा निरोप वाटेत अडला, की डोळा एका दिशेस जाईनासा होतो. तिरळेपणाचे सर्वच प्रकार पक्षाघाताचे नसतात, हेही येथे सांगितले पाहिजे. पुष्कळ मुलांत स्नायू धडधाकट असतात, केवळ दोघांचा मेळ बसत नाही. आणि दूरदृष्टीचा दोष असेल तर चष्म्यानेच डोळा सरळ होऊ शकतो, हे हॉलंडचा डोंडर्स याने १८६४ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. पक्षाघाताची खूण निराळी आहे. त्यात तिरळेपणा सर्व दिशांना सारखा नसतो. दुबळ्या स्नायूच्या बाजूस पाहताना तो वाढतो, विरुद्ध बाजूस पाहताना जवळजवळ नाहीसा होतो.

ही खूण आज सोपी वाटते. पण ती कळायला फार काळ जावा लागला. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्ररोगांची संख्या ७६ सांगितली आहे, आणि चेहरा एका बाजूस ओढला जाणाऱ्या अर्दित या विकाराची गणना आयुर्वेदाने वातव्याधींत केली आहे. म्हणजे चेहऱ्यावर दिसणाऱ्या वाकडेपणाचे मूळ आत कोठेतरी हालचालीच्या शक्तीत आहे, एवढी जाण त्या परंपरेला होती. डोळा हलवणारे मज्जातंतू एकेक करून पाहण्याची साधने मात्र तेव्हा कोणापाशीच नव्हती. पश्चिमेकडे सातव्या शतकातील एजिनाचा पॉल या ग्रीक वैद्याने तिरळ्या मुलांसाठी मुखवटा सुचवला. त्याला डोळ्यांसमोर दोन भोके, म्हणजे मुलाला पाहायचे तर त्या भोकांतून सरळच पाहावे लागावे. पुढे सोळाव्या शतकात फ्रान्सचा शल्यवैद्य पारे याने असेच मुखवटे सांगितले, आणि ड्रेस्डेनच्या बार्टिश याने १५८३ च्या आपल्या नेत्रग्रंथात त्यांची चित्रेच छापली. या उपायामागचा विचार उघड आहे. डोळा वाईट सवयीने वाकडा झाला, तेव्हा त्याला वळण लावा. लंगड्याला रांगेत चालण्याची शिस्त लावण्यासारखाच हा प्रकार होता.

अठराव्या शतकात या विषयात एक खरे पाऊल पडले आणि एक खोटे. १७४३ मध्ये फ्रान्सचा निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ याने असे मांडले की तिरळ्या माणसाच्या एका डोळ्याची नजर दुसऱ्याहून पुष्कळदा कमी असते. तेव्हा चांगला डोळा काही काळ झाकावा आणि दुबळ्याला कामाला लावावे. आज मुलांच्या डोळ्यावर जी पट्टी लावतात तिचे मूळ येथे आहे. त्याच सुमारास जॉन टेलर नावाचा इंग्रज नेत्रवैद्य रथात बसून युरोपभर गावोगाव हिंडत होता. तो तिरळ्या डोळ्याच्या वरच्या आवरणाला लहानशी चीर देई आणि चांगल्या डोळ्यावर जाड पट्टी बांधी. चांगला डोळा झाकला की तिरळा डोळा पाहण्यासाठी आपोआप सरळ होतो. लोक चकित होत, पैसे देत. आणि पट्टी सुटण्याच्या आत टेलरसाहेबांचा रथ पुढच्या गावी गेलेला असे. १७५० मध्ये लाइपझिग येथे प्रख्यात संगीतकार बाख याच्या डोळ्यांवर शस्त्र चालवणारा तो हाच. टेलर लबाड होता, पण ज्या घटनेवर त्याने पोट भरले ती घटना खरी होती. एक डोळा झाकून दुसऱ्याची हालचाल पाहणे, हीच आज प्रत्येक नेत्रवैद्याची पहिली परीक्षा आहे. एकाने तिचा गल्ला केला, दुसऱ्यांनी तिचे शास्त्र केले.

पुढची घटना बर्लिनची. २६ ऑक्टोबर १८३९ रोजी डीफेनबाख या शल्यवैद्याने एका सात वर्षांच्या मुलाचा आत वळलेला डोळा सरळ करण्यासाठी नाकाकडचा स्नायू कापला. आदल्याच वर्षी स्ट्रोमायर याने मृतदेहांवर प्रयोग करून ही कल्पना मांडली होती. ईथरची भूल १८४६ पर्यंत अवतरलेली नव्हती. म्हणजे त्या मुलाने हे सारे जागेपणी सोसले, हे विसरता कामा नये. डोळा सरळ झाला. ही वार्ता सर्वत्र पसरली आणि दोन-तीन वर्षांतच युरोपात अशा शस्त्रक्रियांची जणू लाट आली. काही काळाने तिचे फळ दिसू लागले. स्नायू संपूर्ण तोडल्यामुळे कित्येकांचा आत वळलेला डोळा आता बाहेर वळला. आम्हाला या घटनेत शल्यवैद्याचे धाडस दिसते तसेच त्या युगाची घाईही दिसते. डोळा कोणत्या कारणाने वाकडा आहे हे ठरवण्याआधीच तो सरळ करण्याचे हत्यार हाती आले होते.

ही घाई आवरण्याचे काम त्याच बर्लिनमधील आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे याने केले. हा पुरुष उणीपुरी ४२ वर्षे जगला आणि १८७० मध्ये वारला. पण नेत्रवैद्यकाला त्याने स्वतंत्र शास्त्राची प्रतिष्ठा दिली. स्नायू मध्येच तोडण्याऐवजी डोळ्याला जेथे तो चिकटतो तेथून मोजून सोडवावा, ही शिस्त त्याने आणली. १८६७ मध्ये त्याने नेत्रस्नायूंच्या पक्षाघाताच्या लक्षणांवर एक ग्रंथ लिहिला. कोणता स्नायू दुबळा झाला की काय दिसते याची त्यात पद्धतशीर मांडणी होती. त्याच्या हाती आणखी एक साधन आले होते. हेल्महोल्ट्झ याने १८५१ मध्ये डोळ्याच्या आत पाहण्याचे यंत्र प्रसिद्ध केले होते. त्या यंत्राने पाहून १८६० मध्ये ग्रेफेने दाखवले की मेंदूत गाठ झालेल्या रोग्यांच्या डोळ्यांतील दृष्टितंतूचा शेवट सुजलेला असतो. बाहुलीच्या खिडकीतून मेंदूचे दुखणे दिसू लागले. डोळा साक्षीदार आहे, हे येथे प्रथमच स्पष्ट झाले.

साक्ष घेण्याची रीत मात्र एवाल्ड हेरिंगच्या १८६८ च्या सिद्धांताने बसली. दोन डोळे हे दोन स्वतंत्र नोकर नसून त्यांना मेंदूकडून नेहमी सारखाच हुकूम जातो, असे त्याने सांगितले. त्याने उपमा घोड्यांच्या जोडीची दिली होती. वऱ्हाडात ती बैलजोडीची दिली तर अधिक कळेल. एक बैल लंगडा झाला आहे आणि धुरकरी त्याच्याकडे पाहून चाबूक ओढतो आहे असे समजा. चाबूक दोघांनाही सारखाच. लंगडा कसाबसा एक पाऊल टाकतो, पण धडधाकट बैल त्याच माराने चार पावले पुढे जातो. नेत्रवैद्य चांगला डोळा झाकून मुलाला दुबळ्या डोळ्याने खेळण्याकडे पाहायला लावतो तेव्हा हेच घडते. झाकलेला चांगला डोळा पट्टीआड प्रमाणाबाहेर वळतो. हे वळणे मूळच्या तिरळेपणाहून मोठे भरले की समजावे, येथे पक्षाघात आहे. १९०८ मध्ये स्वित्झर्लंडच्या वॉल्टर हेस याने लाल-हिरव्या काचांच्या साहाय्याने हीच तफावत पडद्यावर आखून दाखवण्याची युक्ती काढली. मेंदूच्या संशोधनासाठी १९४९ चे नोबेल पारितोषिक मिळवणारा हेस तो हाच.

एवढे झाल्यावरही लहान मूल हा वेगळाच प्रश्न राहतो. मोठ्या माणसाचा नेत्रस्नायू लुळा पडला की त्याला एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात. तो घाबरून डॉक्टरकडे धावतो. मूल तक्रार करीत नाही, कारण त्याचा मेंदू दोन चित्रांपैकी एक पुसून टाकतो. किंवा ते आपली मान अशा बेताने वळवते की दोन्ही चित्रे एकावर एक बसावीत. चौथ्या मज्जातंतूच्या दुबळेपणात मूल डोके एका खांद्याकडे झुकवून ठेवते. घरचे म्हणतात, मानेची शीर आखडली. मानेला तेल चोळले जाते, शेक दिला जातो. मान निर्दोष असते. ती डोळ्याची चाकरी करीत असते. या डोके झुकवण्याचा अर्थ बीलशोव्स्की या जर्मन वैद्याने विसाव्या शतकाच्या आरंभी उलगडला आणि १९५८ मध्ये अमेरिकेच्या पार्क्स याने त्यावरून तीन पायऱ्यांची परीक्षा बसवली. घरातील जुनी छायाचित्रे येथे मोठी उपयोगी पडतात. पहिल्या वाढदिवसाच्या छायाचित्रातही मान तशीच झुकलेली असेल तर दोष जन्मजात. महिन्याभरापूर्वी सरळ असलेली मान आज झुकली असेल तर प्रकरण तातडीचे.

मेंदूने जे चित्र पुसले त्याचा हिशेब पुढे चुकवावा लागतो. क्लॉड वर्थ या इंग्रज वैद्याने १९०३ च्या आपल्या ग्रंथात मुलांच्या तिरळेपणावर लवकर उपचार करण्याचा आग्रह धरला. ह्यूबेल आणि वीझल यांनी १९६० नंतरच्या दशकात मांजराच्या पिलांवर प्रयोग करून दाखवले की बालपणी एक डोळा बंद राहिला तर मेंदूतील त्याची जागा दुसरा डोळा बळकावतो. या कामाबद्दल त्यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तात्पर्य असे की मोठेपणी पाहू म्हणून सोडलेला डोळा मोठेपणी सरळ करता येतो, पण त्याची गेलेली नजर पूर्ण परत मिळेलच असे नाही. उलट वेळीच उपचार सुरू केला तर तो फार जाचक नसतो. मध्यम प्रमाणात नजर मंदावलेल्या सात वर्षांखालील मुलांना रोज दोन तास पट्टी लावली तरी सहा तासांइतकाच गुण येतो, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका परीक्षणात आढळले.

आता अशा रोगांकडे वळू ज्यांत प्रश्न नजरेचा राहत नाही, जिवाचा होतो. सहावा मज्जातंतू कवटीच्या तळातून लांबची वाट चालतो. मेंदूतील दाब वाढला, मग त्याचे कारण कोठेही असो, की तो दबतो. मुलाचा डोळा अचानक आत वळला, त्यासोबत डोके दुखते आहे, सकाळी उठताच उलटी होते, तर तो डोळा मेंदूतील गाठीची, पाण्याची किंवा क्षयजन्य मस्तिष्कावरणदाहाची बातमी देत असू शकतो. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडण्यापूर्वी हा दाह झालेले मूल वाचत नसे. आज औषधे आहेत, पण ती लवकर सुरू झाली तरच. घटसर्पातून उठलेल्या मुलाची गोष्टही अशीच. ताप गेला, घसा बरा झाला, आणि काही आठवड्यांनी पाणी नाकातून परत येऊ लागले, जवळचे अक्षर दिसेना, कधी डोळा वळेना. हे घटसर्पाच्या विषाचे उशिरा पडलेले पाऊल. या रोगाची लस १९७८ पासून देशाच्या लसीकरण कार्यक्रमात आहे. ज्या घरी ती चुकते तेथे हे जुने चित्र आजही दिसू शकते. काही मुलांत साध्या विषाणुतापानंतरही सहावा मज्जातंतू लुळा पडतो आणि काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. पण कोणता प्रकार आपोआप बरा होणारा आहे, हे घरबसल्या ठरवता येत नाही.

आणखी एक प्रकार मोर्शीच्या परिसराला अगदी जवळचा आहे. पावसाळ्यात संत्र्याच्या बागेतील झोपडीत किंवा घरी जमिनीवर निजलेले मूल पहाटे पोट दुखते म्हणून उठते. अंगावर दंशाची खूण दिसत नाही. थोड्या वेळाने त्याच्या पापण्या जड होतात. घरच्यांना वाटते, झोप पुरी झाली नाही. डोळे वळत नाहीत, बोलणे अडखळते, मग श्वास. हा मण्यारीचा दंश. नागाच्या आणि मण्यारीच्या विषाने मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोचत नाही, आणि तो तुटवडा पापण्या व डोळे यांच्या स्नायूंत सर्वांत आधी दिसतो. महाडसारख्या गावी राहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा दंशांच्या ज्या नोंदी शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध केल्या, त्या महाराष्ट्राच्या खेड्यांतील डॉक्टरांना वाट दाखवणाऱ्या आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालणारी लस आपल्याकडे तयार होते, आणि मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी दीर्घकाळ जोडलेले आहे. श्वास बंद पडू लागला तर यंत्राने तो चालू ठेवावा लागतो. पापणीसुद्धा न हलणारे मूल त्या यंत्राच्या आधाराने पुन्हा डोळे उघडते. अशा वेळी कडुलिंबाचा पाला खाऊ घालून कडू लागतो की नाही हे पाहण्यात, किंवा मांत्रिकाच्या दारी, जी घटका जाते ती परत येत नाही.

विषाची ही गोष्ट येथेच संपत नाही. मायस्थेनिया ग्रेव्हिस नावाच्या रोगात मुलाच्या पापण्या सकाळी ठीक असतात आणि दिवस कलताना मिटू लागतात. १९३४ मध्ये लंडनच्या एका साध्या रुग्णालयात काम करणाऱ्या मेरी वॉकर या डॉक्टरबाईंना हे लक्षण कुरारे विषाच्या परिणामासारखे वाटले. त्या विषावरचा उतारा त्यांनी देऊन पाहिला, आणि मिटलेली पापणी उघडली. पुढे १९६३ मध्ये तैवानमधील चँग आणि ली यांनी तिकडच्या मण्यारीच्या विषातून एक द्रव्य वेगळे केले; त्याच द्रव्याच्या मदतीने या रोगात बिघाड नेमका कोठे होतो हे नंतर कळले. अमेरिकेतील अॅलन स्कॉट यांनी तर दूषित अन्नातील बोटुलिनम या घातक विषाचा सूक्ष्म अंश नेत्रस्नायूत टोचून तिरळेपणा सुधारता येतो असे १९८० मध्ये दाखवले. १९८९ मध्ये त्यास तिकडे सरकारी मान्यता मिळाली. सहावा मज्जातंतू लुळा असताना समोरचा बळकट स्नायू आखडून बसू नये म्हणून आज त्याचा उपयोग होतो.

शस्त्रक्रिया आजही आहे, पण तिचे स्थान बदलले आहे. प्रथम कारण शोधावयाचे, जिवावरचे असेल त्याचा आधी बंदोबस्त करावयाचा, मग साधारण सहा महिने स्नायू आपण होऊन किती सुधारतो ते पाहावयाचे. दरम्यान पट्टीने नजर राखावयाची. तरीही डोळा वाकडा राहिला तर भूल देऊन, मोजून शस्त्रक्रिया करावयाची. स्नायू पूर्ण मेलेला असेल तर शेजारच्या दोन स्नायूंचे पदर आणून त्याच्या जागी जोडतात. हुमेल्सहाइम याने १९०७ मध्ये सुचवलेली ही तऱ्हा शेतकऱ्यांच्या सावडीसारखी आहे. एकाचे अंग चालेना तेव्हा शेजारी त्याचे शेत ओढतात. डीफेनबाखच्या सुरीने जेथे आरंभ केला तेथे आता उपचाराचा शेवट होतो. सगळी प्रगती या क्रमाच्या उलटापालटीत सामावली आहे.

मोर्शीच्या पालकांना यातून घेण्यासारखे काय? चार महिन्यांपर्यंतच्या अर्भकाचे डोळे मधूनमधून इकडेतिकडे फिरले तर भिण्याचे कारण नाही. त्यानंतर डोळा तिरळा दिसला, मान एकीकडे झुकू लागली, पापणी पडली, तर नेत्रवैद्याला दाखवावे. हे अचानक घडले आणि सोबत डोकेदुखी, उलटी, ताप, पोटदुखी किंवा अडखळते बोलणे असले तर दिवस उजाडण्याचीही वाट पाहू नये. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीतील मुले वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुले एकदा तपासतात. पथक येईल त्या दिवशी मूल घरी ठेवू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे. येथून पुढे अमरावतीचे जिल्हा रुग्णालय आहे, नागपूरला १९४७ पासून चालत आलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वाट लांब खरी. पण ती माहीत नसलेल्यांपेक्षा माहीत असून न चाललेल्यांनी अधिक मुले गमावली असावीत, असे आम्हाला वाटते.

आपल्याच अमरावती जिल्ह्यात १८८१ मध्ये जन्मलेल्या गुलाबराव महाराजांची दृष्टी बालवयात गेली, आणि त्यांना आपण प्रज्ञाचक्षू म्हणून वंदन करतो. ते योग्यच आहे. परंतु डोळ्यांवाचून ज्ञान मिळवणारा पुरुष शतकात एखादा निघतो; बाकीच्या मुलांना त्यांचे दोन डोळेच लागतात. दिसत असून न पाहिल्यासारखे करणे याला आपल्या भाषेत काणाडोळा करणे म्हणतात. मुलाच्या तिरळ्या डोळ्याकडे मोठ्यांनी तो करू नये.